दाराला दोन काचा

गावाकडं दार हे दिवसा लावायची वस्तू नव्हतीच. पहाटे आई उठली, की आधी कडी काढायची, उंबऱ्यावर पाणी शिंपडायची आणि मग ते दार रात्रीची जेवणं आटपेपर्यंत सताड उघडं. कोंबडी आत शिरायची, शेजारची पोरं शिरायची, ताक मागायला आलेली बाई थेट चुलीपाशी जाऊन बसायची. भर दुपारी कुणाचं दार लावलेलं दिसलं, तर माणसं थांबून विचारायची, "का गं, घरात कुनाला बरं न्हाई का?"

पानशेतच्या वर डोंगरात आमचं गाव. आबा गावचे सुतार. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीचं चाक, सगळं त्यांच्या हातचं. मोडलेलं सांधून द्यायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं घ्यायचं, असा जुना व्यवहार. नवं दार करायचं असलं, तर त्याचे पैसे वेगळे ठरायचे. गावातली निम्मी दारं आबांची. पण आमच्या स्वतःच्या घराला कित्येक वर्षं साध्या फळ्या ठोकलेलं दार होतं. १९७९ साली कुठं आबांना मनासारखं सागवान मिळालं. ते त्यांनी दोन उन्हाळे माळ्यावर वाळत ठेवलं आणि मग दार केलं. एका झडपेचं, दोन इंच जाड, उभ्या-आडव्या पट्ट्यांत बसवलेल्या तीन फळ्या. कुसवांना कुठंही खिळा नाही, बांबूच्या मेखा मारलेल्या. मी तेव्हा दहावीत होतो. रंधा मारताना निघणारी ती लांब, गुंडाळी होणारी साल अजून आठवते.

त्या दारातून बाहेर पडून मी पुण्यात आलो. आयटीआयला पॅटर्नमेकरचा ट्रेड घेतला. ओतकामाच्या साच्यासाठी आधी लाकडाचा नमुना करावा लागतो, तो करणारा पॅटर्नमेकर. म्हणजे सुतारकीच, फक्त इंचाऐवजी मिलिमीटरची. कारखान्यात नोकरी लागली. पुढं सिंहगड रोडच्या बाजूला एक गुंठा जागा घेऊन खाली-वर चार खोल्या बांधल्या. २०१० च्या पावसात गावच्या घराची मागची भिंत बसली आणि आई-आबांना मी पुण्यात आणलं. आबांनी एकच अट घातली. "दार बरुबर येनार." टेम्पोत भांडीकुंडी, आई, आबा आणि मधोमध गोधड्यांत गुंडाळलेलं दार, अशी वरात आली. माझ्या घराचं फ्लशडोअर काढून तिथं आबांनी आपली चौकट आणि आपलं दार उभं केलं. तोंड पश्चिमेला.

पण पुण्यातलं दार बंद ठेवावं लागतं. आमच्या घरापुढून आधी सायकली जायच्या, मग रिक्षा आणि आता तर दोन्ही बाजूंनी गाड्या. धूळ, हॉर्न, टँकर, वर पुन्हा येणारेजाणारे अनोळखी. मी पहिल्या पाळीला पहाटे बाहेर, बायको शाळेत, मुलगी कॉलेजात. आबांना ऐकू कमी. राहिली आई. ते जाडजूड सागवानी दार लावलं, की पुढची खोली दिवसाही काळी व्हायची. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, उजेडाची वाट तेवढी दारातूनच. आई ट्यूब लावून बसायची, नाहीतर बिल वाढतं म्हणून अंधारातच बसायची.

तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दाराला पाहायचं भोक केलं होतं, त्यातून तिला काही म्हणजे काही दिसायचं नाही. बेल वाजली, की ती आतून विचारायची, "कोन हाय?" बाहेरच्या आवाजात उत्तर ऐकू यायचं नाही. हळूहळू तिनं उठणंच सोडलं. एकदा माझी सख्खी आत्या गावाहून आली, वीस मिनिटं बेल वाजवून समोरच्या दुकानात जाऊन बसली. आई आत होती. आत्या गेल्यावर आई मला म्हणाली, "मला गावाला सोड. भीत पडली तर पडू दे. हितं माज्याच्यानं मानसाला दार उगडवत न्हाई." जन्मभर जिनं दार उघडं ठेवलं, तिच्या तोंडचं हे वाक्य मला झोपू देईना.

जाळीचं दार लावलं असतं, तर उजेड आला असता; पण धूळ आणि आवाजही आला असता. तेव्हा वरची फळी काढून तिथं काच बसवायची, असं माझ्या मनानं घेतलं. आबांना सांगितलं. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "दार म्हंजी दार. काच लावायची तर त्याला खिडकी म्हन." जेवायला बसले नाहीत. त्यांचं म्हणणं मला कळत होतं. ते दार म्हणजे त्यांनी केलेलं शेवटचं मोठं काम. त्याला करवत लावायची, आणि ती पोटच्या पोरानं.

महिनाभर विषय बंद. दिवाळीनंतर एका रविवारी आबांना जुन्या बाजारात जायचं होतं. मंगळवार पेठेतला हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. जुन्या पटाश्या, रंधे, वाकस, पाडलेल्या वाड्यांच्या कड्या-कोयंडे बघत आबा तिथं तासन् तास रमायचे. येताना शनिवारवाड्यापाशी थांबलो. १७३२ साली वास्तुशांत झालेला वाडा. आतलं लाकडी सगळं १८२८ च्या आगीत गेलं, पण दिल्ली दरवाजाच्या त्या प्रचंड झडपा उभ्या आहेत. हत्तीनं धडक मारू नये म्हणून लावलेले अणकुचीदार खिळे आबांनी हात न लावता, मान वर करून मोजल्यासारखे पाहिले. मग ते खाली आले, त्या मोठ्या दारातल्या छोट्या दिंडीपाशी. दिंडीच्या कडेवरून बोट फिरवलं. वाकून आत गेले, वाकून बाहेर आले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "एवढ्या दाराला बी मानसापुरती वाट ठिवलीच की." घरी येऊन त्यांनी स्वतः पेन्सिल कानाला लावली. वरची फळी त्यांनीच सोडवली, मला हात लावू दिला नाही. तिचे पुढं दोन पाट केले. अजून जेवायला बसताना तेच लागतात.

काच एकेरी लावून भागणार नव्हतं. पातळ एकेरी काच म्हणजे आवाजाला उघडं रानच. म्हणून दुहेरी काच मागवली. ही काय चीज असते ते गावाकडच्या वाचकासाठी सांगतो. दोन काचा समोरासमोर, त्यांच्या चारही कडांना अॅल्युमिनियमची पोकळ पट्टी. त्या पट्टीच्या पोटात बारीक मणी भरलेले असतात, ते ओल शोषून घेतात. पट्टी आणि काच यांच्यामध्ये काळ्या ब्युटाइलचा पातळ थर आणि बाहेरून दुसऱ्या जाड चिकट मसाल्याची कड. मधली हवा कोरडी आणि कोंडलेली. आमची होती एक काच सहा मिलिमीटरची, एक पाचची, मध्ये बारा मिलिमीटरची पोकळी. दोन्ही काचा सारख्या जाडीच्या नसल्या, तर आवाज जास्त अडतो. दोन्ही टफन केलेल्या. अशी काच एकदा भट्टीतून निघाली, की पुन्हा कापता येत नाही. माप आधीच अचूक द्यावं लागतं. वीस इंच बाय तीस इंच, वजन साडेदहा किलोच्या आसपास.

बसवायचं काम काचवाल्याच्या माणसानं केलं. मी कामावर होतो. संध्याकाळी येऊन पाहिलं, तर खोलीत लख्ख उजेड आणि व्हिनेगरसारखा आंबट वास. आई पुन्हा पुन्हा काचेपाशी जाऊन रस्ता बघत होती. "पोपटी साडीवाली गेली बग," असं उगाचच सांगत होती. दाराच्या कडेनं मी रबराची पट्टी लावली, कारण आवाज काचेतून येतो त्याहून जास्त फटीतून येतो. खोली शांत झाली. गावाला सोड हा विषय निघाला नाही.

पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात, २०१६ च्या जुलैत, आई पुन्हा गप्प झाली. काचेपाशी जाईना. बेल वाजली तर उठेना. विचारलं, तर "कुटं काय" म्हणायची. दहाबारा दिवस गेले. एका रात्री माझ्या मुलीनं पाहिलं, तर आजी अंधारात बसून उजवा डोळा हातानं झाकून नुसत्या डाव्यानं देवाच्या दिव्याकडं बघत होती. मग हातानं डावा झाकून पुन्हा. पोरीनं जवळ घेतल्यावर आजी म्हणाली, "आपरेशन केलेला डोळा गेला गं माजा. समदं धुरकट दिसतंय. तुझ्या बापाला सांगू नगं, पुन्हा खर्च व्हईल त्याचा."

मुलीनं तिला हाताला धरून दारापाशी नेलं आणि दिवा लावला. काचेच्या आत, दोन काचांच्या मधोमध, पाण्याचे बारीक थेंब धरले होते. आतून पुसलं, बाहेरून पुसलं, जाईना. धुरकट काच होती. डोळा शाबूत होता. आईला हे पटायला सकाळ उजाडावी लागली. मी दार उघडलं आणि तिला उघड्या दारातून रस्ता दाखवला. "आता?" ती बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आता सोच्छ हाय." दहाबारा दिवस आपण आंधळ्या होतोय या भीतीनं ती एकटी बसली होती.

त्याच दिवशी रजा टाकून मी दार बिजागऱ्यांतून उतरवलं. आबा समोर पाट घेऊन बसले. बीडिंगच्या पट्ट्या काढल्या, तर खालच्या खाचेत पाणी साचलेलं. आमच्या दारावर पश्चिमेचा पाऊस थेट येतो. चारही बाजूंनी सिलिकॉन दाबून भरलेलं, वरून खाच अगदी बंद. पण लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आखडतं. त्यात सिलिकॉनची एक कड कुठंतरी केसाएवढी सुटली होती. तिथून पाणी आत गेलं आणि बाहेर यायला वाट नव्हती. काच खाली थेट लाकडावर टेकवलेली, म्हणजे तिची कड दोन-दोन महिने पाण्यात. त्यात ते आंबट वासाचं सिलिकॉन. वाळताना त्यातून जे आम्ल सुटतं, ते या काचांच्या कडेच्या मसाल्याला मानवत नाही. कड मऊ पडली, ओली हवा आत शिरली, मण्यांनी शोषायची तेवढी ओल शोषली आणि मग थेंब धरले. अशी काच दुरुस्त होत नाही. टाकूनच द्यावी लागते.

आबांनी खाचेत बोट घातलं, वास घेतला. "ह्ये मी पुरात बगितलंय," म्हणाले.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आबा तेव्हा तेवीस वर्षांचे. पूर ओसरल्यावर एका मुकादमानं आमच्या भागातले सुतार पुण्यात कामाला नेले, त्यांत आबा. दोन महिने त्यांनी वाड्यांची फुगलेली दारं उतरवायची, सावलीत वाळवायची, रंधून पुन्हा बसवायची, हेच केलं. त्यांनी सांगितलं, काही मालकांना घाई होती. गणपती तोंडावर आलेले. त्यांनी ओल्या दारांनाच वरून रंग मारून घेतला. "दिसाया झ्याक. दोन सालांनी आमी पुन्हा गेलो तर रंग हाय तसा आन् आतनं लाकडाचा भुगा. ओल कोंडली की लाकूड मरतं. पानी आत येनारच रं, त्याला भाईर जायला वाट ठिव."

काच बसवण्याच्या कामाचं आजचं शास्त्रही नेमकं हेच सांगतं. पाणी येऊच नये अशी खटपट करावी, पण आलं तर ते निथळून जाईल, खाच वाळेल, अशी सोय आधी करावी. मी कारखान्यातल्या एका दोस्ताकडून नीट माहिती घेतली होती. आबांचं बोलणं आणि ती माहिती एकाच जागी येऊन थांबली.

नवी काच यायला आठ दिवस लागले. तेवढ्यात आम्ही बापलेकांनी खाच नव्यानं केली. आधी ती पूर्ण वाळू दिली. मी चारही बाजूंनी पाच मिलिमीटर मोकळं सोडायला सांगितलं. आबांनी हिशेब केला, "म्हंजी दीड सूत." आठ सुतांचा एक इंच, दीड सूत म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. चालण्यासारखं. खाचेचा तळ बाहेरच्या बाजूला जरा उतरता केला आणि तिथून बाहेर निघणारी सहा मिलिमीटरची तीन भोकं पाडली, तीही उतरती. भोकं आबांनी गिरमिटानं पाडली. ड्रिल पुढं केलं तर म्हणाले, "त्ये लाकूड जाळतंय." मग सगळ्या खाचेला आणि भोकांनाही प्रायमरचे दोन हात. उघडं लाकूड ठेवलं नाही.

काच कशावर टेकवायची, यावर थोडी खडाजंगी झाली. लाकडावर टेकवायची नाही; कडक रबराचे छोटे गुटके ठेवून त्यावर टेकवायची, म्हणजे खाली पाणी आलं तरी काच वर राहते. मी दोन्ही गुटके तळाला मांडत होतो. आबा म्हणाले, "थांब. वाड्याच्या फाटकाला तिरकी पट्टी कशी मारत्यात?" फळ्यांच्या फाटकाची तिरकी पट्टी बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यातून निघते आणि कडीकडच्या वरच्या कोपऱ्याला जाते. उलटी मारली, तर फाटक काही दिवसांत खाली झुकतं. आबांचं म्हणणं, काचेलाही तसंच धरायचं. आम्ही बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्याशी एक गुटका आणि तिरकस समोर, कडीकडच्या वरच्या कोपऱ्याशी दुसरा घट्ट बसवला. बाकी ठिकाणी नुसता आधार. दाराला काचेचं ओझं होण्याऐवजी काचच दाराला ताणून धरू लागली. अॅल्युमिनियमच्या दारांची कामं करणारेही असंच करतात, हे मला नंतर कळलं. आबांना ते फाटकावरून ठाऊक होतं.

मग लांबीवरून वाद. आबांनी खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून लांबीचा गोळा तयारच ठेवला होता. एकेरी काचेला आयुष्यभर त्यांनी तीच लावली, आणि एकेरी काचेला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण दुहेरी काचेच्या कडेला तेल लागलं, की तो काळा मसाला हळूहळू सुटतो. मी सांगितलं, तशी आबांची मुद्रा उतरली. जुन्या काचेचा तुकडा त्यांना दाखवला. ती मऊ पडलेली कड त्यांनी नखानं उकरून पाहिली. "तेल खातंय व्हय ह्याला," एवढंच म्हणाले. लांबीचा गोळा त्यांनी पट्ट्यांच्या खिळ्यांची भोकं बुजवायला वापरला. तिथं ती शोभली.

नवी काच आली तेव्हा बाहेरच्या काठाला आधी तीन मिलिमीटरची फोमची पट्टी चिकटवली, काच गुटक्यांवर ठेवून तिच्यावर दाबली, आतून पुन्हा पट्टी, मग बीडिंग. बीडिंग आतल्या बाजूलाच ठेवायचं, म्हणजे बाहेरून कुणी उचकटू शकत नाही. शेवटी बाहेरच्या बाजूनं वास नसलेल्या, न्यूट्रल जातीच्या सिलिकॉनची बारीक रेघ, बाहेर उतार काढून, बोटानं एका दमात ओढलेली. ती रेघ आबांनी ओढली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हात, पण कुठं थरथर नाही.

त्यानंतर आईचा दिनक्रम बदलला. ती दुपारी दारासमोर गव्हाचं ताट घेऊन बसू लागली. कोण येतंय हे आधीच दिसायचं, त्यामुळं बेल वाजायच्या आत दार उघडलेलं असायचं. कुरिअरवाल्या पोराला पाणी, गॅसवाल्याला चहा. समोरच्या दुकानदाराची म्हातारी आई रोज चार वाजता यायला लागली. दोघी काचेतून रस्ता बघत बसायच्या. आत्या पुन्हा आली, तेव्हा आई दारातच उभी होती. "ये वन्सं, तुमी कोपऱ्यावर वळला तवाच दिसला."

२०१९ च्या हिवाळ्यात आबा गेले. त्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या मुलीला दारापाशी बसवून ती तीन भोकं दाखवली होती. धूळ, कोळ्याची जाळी, मुंग्यांची माती, वर्षभरात काही ना काही जाऊन बसतं आणि भोक बुजलं की सगळी मेहनत वाया. केरसुणीची काडी भोकात घालून ती कशी फिरवायची, हे त्यांनी तिच्याकडून तीनदा करून घेतलं. वरून वाटीभर पाणी ओतायला लावलं आणि ते बाहेरच्या पायरीवर ठिपकेपर्यंत दोघं वाट बघत बसले.

मुलगी आता लग्न होऊन हडपसरला असते. मेच्या शेवटी ढग दिसायला लागले, की आईचा तिला फोन जातो. "काडी कवा घालतीस? पाऊस आला बग." ती रविवारी येते, केरसुणी मागते. आई वाटीत पाणी घेऊन उभी राहते.